इमेल्डाच्या शेजारची जागा

—नाही, तो टी-शर्ट परत पिशवीत घाल तू. घडी मोडू नकोस, चांगली इस्त्री केलेली दिसतेय. पाठीवर माझं नाव छापलंय ते दिसलं मला, बोदिल, ठसठशीत अक्षरांत, आणि एक अक्षरही चुकलेलं नाही — एरवी इथले छापणारे माझ्या नावाचं काहीतरी करून ठेवतातच. छान आहे. पण ठेव. आधी हा काढा घे. कडू आहे, पण या उन्हात क्वानकाकू आल्यागेल्याला हाच देतात आणि नको म्हटलेलं त्यांना खपत नाही. एका दमात पी. हं. वाकडं झालं ना तोंड? सगळ्यांचं होतं. बस इथे वडाखाली — तिकडे नको, तिकडे मुंग्या आहेत, लिचीची सालं टाकतात सगळे.

तर नावेतल्या सगळ्यांना माझी आठवण येते, असं म्हणालीस ना? सगळ्यांना वाटतं की उद्या ढोलावर बोदिलच हवी. सगळ्यांना — आणि सगळ्यांतून पाठवलं कुणाला, तर तुला. तू जुसारा ना? ब्राझीलची, बुटांच्या कंपनीतली. आपण कधी बोललो नाही, पण मला माहीत आहे. तुझा राग नाही मला, खरंच नाही. तुला रिकामी जागा दाखवली, तू बसलीस, त्यात तुझं काय चुकलं? पण माझी अशी अचानक आठवण का झाली, ते सांगितलं का तुला कुणी? नाही? वाटलंच मला. अगं, काल क्वानकाकांनी, या गावच्या नावेचा कारभार बघतात ना, त्यांनी निरोप धाडलाय तुमच्या लोकांना — बोदिल नावेत नसेल तर परदेशी लोकांची नाव उद्या खाडीतून बाहेर पडणार नाही. झालं. परवापर्यंत कुणाला आठवण नव्हती, काल संध्याकाळी सगळ्यांना एकदम आली, आणि आज सकाळी टी-शर्ट छापूनसुद्धा तयार. या शहरात कामं किती झटपट होतात बघ.

तुला उद्याचं नीट सांगितलंय का तरी? शर्यत आहे असं वाटतंय ना? शर्यत नाही गं. शर्यती शहरात होतात, मोठ्या नदीत, बक्षीस-बिक्षीस असतं, टीव्हीवाले येतात. उद्या भेटीचा दिवस. म्हणजे या सेकचुंग गावची ड्रॅगनची नाव आपल्या नात्यातल्या गावांना भेटायला जाते, जसं आपण एखाद्याच्या घरी जातो ना, फळं घेऊन, चांगले कपडे घालून — तसं. आता गाव म्हणायचं एवढंच, चहूकडून इमारतींनी गिळलंय त्याला, त्या बघ, आपल्या डोक्यावरच आहेत. पण देऊळ आहे, खाडी आहे, नाव आहे, तोवर ते गावच. मोठी नाव वर्षभर या खाडीच्या चिखलात पुरून ठेवतात, लाकूड तडकू नये म्हणून. गेल्या महिन्यात वर काढली, फटाके लावून. मी होते. मांड्यांपर्यंत चिखलात उभी होते सगळ्या गावाबरोबर, हातांनी गाळ उपसत. आणि त्या मोठ्या नावेच्या मागून परदेशी लोकांची नाव आजवर कधी गेलेली नाही. दरवर्षी मी विचारायची. दरवर्षी क्वानकाका हसायचे, चहा ओतायचे आणि म्हणायचे, तुमचे हात अजून एक झाले नाहीत, पुढच्या वर्षी विचार. मी पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची. या हिवाळ्यात त्यांनी चहा ओतला, पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, या उन्हाळ्यात या. एवढंच. मी इथूनच, याच वडाखालून, इमेल्डाला फोन लावला आणि मला बोलताच येईना. तिला वाटलं मला गाडीने उडवलं.

हसू नको — बरं, हस. मलाही आता हसू येतं कधीकधी.

मी मुळात इथे फरशा तपासायला आले. हो, घरातल्या जमिनीवरच्या फरशा. फोशानला कारखाने आहेत, युरोपातली दुकानं तिथून माल घेतात, आणि मी पेट्या उघडून कोपरे बघते, रंग बघते, वाकलेली असेल तर नापास करते. दिवसभर नापास करायचा धंदा. मला वाटलं होतं वर्ष-दोन वर्षं काढू आणि डेन्मार्कला परत जाऊ. पण हे शहर — तुला कळलंच असेल एव्हाना — इथे माणूस घरी बसूच शकत नाही. मंगळवारी बॅडमिंटन, आमच्या इमारतीतल्या बायकांबरोबर. साठी उलटलेल्या बायका, जागच्या हलत नाहीत, आणि मला मात्र कोपऱ्याकोपऱ्यात पळवतात, वर म्हणतात, एवढी उंच असून उपयोग काय. बुधवारी धावणाऱ्यांचा गट — धावणं थोडं, बिअर फार. शुक्रवारी पबमधली प्रश्नमंजुषा, तिथे आमचा चमू कायम दुसरा. शनिवारी बाय्युनचा डोंगर. आणि रविवार म्हणजे नाव. सकाळी नाव, मग अंगाला चिखलाचा वास घेऊन तसंच डिमसम खायला, बारा-पंधराजण एका गोल टेबलाभोवती, मग दुपारी कुणाच्यातरी गच्चीवर. एस्बियर्गला माझा भाऊ आहे, तो फोनवर विचारायचा, तू कामाला गेलीयस की शाळेच्या सहलीला? मी सांगायची, तू घरी बसून समुद्राकडे बघ, मी इथे जगतेय.

पण एक गोष्ट नवीन माणसाला कळत नाही, तुलाही नाही कळणार दोन-तीन वर्षं. इथे सगळे जायला आलेले असतात. तू ज्याच्याबरोबर डोंगर चढतेस, ज्याचा वाढदिवस करतेस, ज्याची मांजर सांभाळतेस, त्याचा करार संपतो आणि एक दिवस निरोपाची पार्टी. केक, भाषण, रडारड, सगळ्यांच्या सह्या असलेलं वल्हं भेट. किती वल्ह्यांवर सह्या केल्या असतील मी. पहिल्यांदा रडायची. नंतर मी केक आणायचं काम घेतलं, म्हणजे हात कामात राहतात. आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की सगळ्यांना पोचवून शेवटी विमानतळावरून परत येणाऱ्या गाडीत कायम आम्ही दोघीच असतो. मी आणि इमेल्डा.

तू तिला आता ओळखतेस तशी ती तेव्हा नव्हती. शाळेत शिकवायची, आयर्लंडहून नवऱ्याबरोबर आली होती, नाजूक, उन्हात लालबुंद होणारी, पोहतासुद्धा येत नव्हतं. तिला नावेत मी आणलं. वल्हं कसं धरायचं, कंबरेतून कसं वळायचं, पाण्याला मारायचं नाही तर पाणी धरायचं, हे सगळं मी शिकवलं. मग तिचा नवरा सिंगापूरला बदली घेऊन गेला आणि तिकडूनच कळवलं की परत येणार नाही. घर कंपनीचं होतं, ते गेलं. इमेल्डा आणि तिची सोर्चा, दोघी माझ्याकडे राहायला आल्या, अख्खा हिवाळा राहिल्या. सोर्चा माझ्या पलंगावर झोपायची, मी सोफ्यावर. पोरीला मी पोहायला शिकवलं. मला बोदिलमावशी म्हणते ती. म्हणायची — नाही, म्हणते, तिचा काय संबंध यात.

नावेत पहिल्या बाकावर आम्ही दोघी. मी डावीकडे, ती उजवीकडे. तुला एव्हाना समजलं असेल, पहिल्या बाकाला महत्त्व का. मागचे अठराजण ढोल ऐकतात खरे, पण बघतात पहिल्या बाकाकडे. त्या दोघींचे हात एक झाले की सगळी नाव एक होते. आमचे व्हायचे. खांद्याला खांदा लागलेला असायचा, ती कधी श्वास घेणार ते मला आधी कळायचं. मला कुणी विचारलं असतं ना, की या जगात तुझं कोण, तर मी काही विचार न करता — जाऊ दे.

थांब, मी विचारते तुला. मी नाव का सोडली असं सांगितलं तुला? सांग ना, मी काही करत नाही. खांदा? माझा खांदा दुखावला? बघ, हा हात — हा बघ वर, हा मागे, हा गोल. काय झालंय याला? खांदा, म्हणे. म्हणजे तुला खांदा सांगितला. बरं. प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं दिसतंय.

आता मी सांगते काय झालं ते. फार मोठं नाही, ऐकून घे. आमचा फोनवरचा ग्रुप होता, नावेचा. वसंताच्या सणानंतर, म्हणजे चिनी नव्या वर्षानंतर, तो थंडावला. आधी दिवसाला शंभर मेसेज, फोटो, थट्टा, आणि मग एकदम काहीच नाही. मला वाटलं सणानंतर लोक सुस्तावलेत. शनिवारी इमेल्डा लिहायची, उद्या नाव नाही, पावसाचा अंदाज आहे. खाली दोघं-चौघं अंगठा दाखवायचे. पुढच्या शनिवारी, उद्या नाव नाही, खाडीचं पाणी अडवायचं दार दुरुस्त करतायत. अंगठे. मग, नाव गळतेय, सुताराला दाखवलीय. अंगठे. मी मात्र त्या ग्रुपवर लिहीतच होते — कुणी व्यायाम सोडू नका, उन्हाळ्यात आपल्याला भेटीच्या दिवशी जायचंय, पाठ सरळ ठेवा, असं काय काय. लांबलचक. आणि इमेल्डा खाली हसरा चेहरा टाकायची. अगं, त्यांनी दुसरा ग्रुप काढला होता. सगळे तिकडे गेले होते. जुना ग्रुप नुसता माझ्यासाठी चालू ठेवला होता. माझ्या एकटीसाठी. कुणीतरी ठरवलं असेल ना त्यांच्यात, या आठवड्यात अंगठा कुणी दाखवायचा ते.

तू नव्हतीस जुन्या ग्रुपात, मला ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याशी बोलतेय.

मग त्या रविवारी मी म्हटलं, नाव गळतेय तर सुतार एकटा काय करणार, आपण जाऊन बघावं. सँडपेपर घेतला, तेल घेतलं, जुने कपडे घातले आणि मेट्रोने आले. ऊन होतं, पाऊस-बिऊस काही नाही. त्या वळणापर्यंत आले आणि ढोल ऐकला. मला आधी वाटलं गावातल्या पोरांची नाव असेल. पण ढोल आपल्याच पद्धतीचा — तीन लहान, एक मोठा — तो मीच बसवलेला. आणि मग नाव वळणावरून आली, माझ्यासमोरून, इथून त्या दगडाइतक्या अंतरावरून. वीसच्या वीसजण. पहिल्या बाकावर इमेल्डा आणि तिच्या डावीकडे तू. मी काठावर उभी, हातात सँडपेपर. त्यांनी बघितलं नाही असं म्हणू नकोस, मी निळ्या कपड्यांत उभी होते आणि माझ्याएवढी उंच बाई या काठावर दुसरी नाही. पण एकाचाही हात चुकला नाही. एकानेही मान वळवली नाही. आणि तेही मीच शिकवलेलं, बरं का. काठाकडे बघायचं नाही. काठावर कुणी ओरडो, नाचो, मरो — नजर पुढच्याच्या पाठीवर. उत्तम वल्हवलंत तुम्ही त्या दिवशी. मी नापास करू शकले नसते.

तुझं वल्हं तेवढं अर्धा क्षण उशिरा पडतं. डावीकडे वळताना. परवा तर दोनदा पडलं, इमेल्डाला तुझ्यासाठी थांबावं लागलं, आणि मग मागचा सगळा — मला कसं माहीत? मी — इकडे येत असते मधूनमधून. काकूंकडे. भाजी निवडायला. त्या देवळाच्या मागून दिसते खाडी, बघायची नसली तरी दिसते. बाकी काही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी इमेल्डाला चहाला बोलावलं, आमच्या नेहमीच्या जागी. आली. पळाली नाही, हे म्हणायला हवं. बसल्याबसल्या तिने माझा पेला, वाटी, चॉपस्टिक इथल्या रीतीप्रमाणे गरम चहात विसळायला घेतल्या, जशी नेहमी विसळते. मी म्हटलं, ‘ठेव ते.’ तर म्हणाली, ‘बोदिल, तू ओरडतेस. तुला कळत नाही किती ओरडतेस ते. लोक आठवडाभर काम करून रविवारी येतात, त्यांना थोडं पाणी, थोडं हसणं, एक बिअर हवी असते. तू त्यांना पेटीतल्या फरशीसारखं बघतेस. नवीन कुणी टिकत नव्हतं. नाव बंद पडली असती.’

असेल. ओरडत असेन मी. वीसजणांच्या नावेत, पाण्याच्या आवाजात, कुणी कुजबुजतं का? पण समजा, ओरडते. मी म्हटलं, ‘मग मला सांगायचंस. तोंडावर. तू सांगितलं असतंस तर मी मागच्या बाकावर बसले असते. नसते बसले तर भांडले असते, आठवडाभर रुसले असते आणि मग बसले असते. तुला माहीत आहे.’ तर ती खाली बघून काय म्हणाली सांगू? म्हणाली, ‘तुझ्या तोंडावर कसं सांगणार होतो आम्ही? तुझ्याकडे दुसरं आहे काय?’

दया, बघ. दया आली त्यांना माझी. म्हणून महिनोन्‌महिने मला पावसाचे अंदाज कळवले.

आहे की दुसरं. मंगळवारचं बॅडमिंटन आहे. बुधवारी धावायला — बुधवारी नाही जात हल्ली, त्यातले निम्मे नावेतलेच. शुक्रवारच्या पबचंही तेच. डोंगर एकटीने चढता येतो. भावाला अजून सांगितलेलं नाही मी. त्याला वाटतंय उद्या मी पहिल्या बाकावर आहे, तो म्हणाला फोटो पाठव, आणि मी म्हटलं, पाठवते.

तरी एवढ्यावर थांबलं असतं ना, तरी मी गिळलं असतं. वल्हवणारे बदलतात, खेळात हे व्हायचंच. पण पुढच्या आठवड्यात मी इथे आले क्वानकाकांना सांगायला, की आता नाव इमेल्डा सांभाळेल, मी थकले. त्यांच्यासमोर तिला वाईट दिसू नये असंच काहीतरी घोकून आले होते. काका दारात पाणी मारत होते. मला बघितलं आणि नळी तशीच चालू हातात, बूट भिजले त्यांचे. आत बघून म्हणाले, ‘अगं, आलीय ती.’ काकू धावत आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, ‘आई कशी आहे तुझी?’

मला वाटलं माझं कँटनीज चुकतंय. मी म्हटलं, कुणाची आई? तर काकू म्हणाल्या, तुझी, तू आजारी आईजवळ गेली होतीस ना कायमची. इमेल्डाने सांगितलं. आम्हाला वाईट वाटलं, न भेटता गेलीस, पण काका म्हणाले आई म्हटल्यावर माणसाला सुचत नाही. तेव्हापासून पौर्णिमेला आणि अमावास्येला देवळात तुझ्या आईसाठी उदबत्ती लावतोय आम्ही, आता उतार आहे का?

माझी आई केव्हाच गेली, जुसारा. आणि आईला पुरायला माझ्याबरोबर कोण आलं होतं? इमेल्डा. सुट्टी नव्हती तर शाळेत खोटं बोलून आली. एस्बियर्गच्या त्या वाऱ्यात पातळ कोट घालून माझा हात धरून उभी होती, मी सोडवला तरी सोडत नव्हती. माझी आई कुठे आहे हे भावाखालोखाल जगात कुणाला ठाऊक असेल तर तिला. आणि तिने या भाबड्या म्हाताऱ्या माणसांना — तिला दुसरं काही सुचलं नाही? नोकरी गेली म्हणायचं. भांडण झालं म्हणायचं. खांदा म्हणायचा, तुला सांगितला तसा. पण तिला माहीत होतं की आई म्हटल्यावर काका पुढे काही विचारणार नाहीत. तिने बरोब्बर निवडलं. मला ओळखते ना ती, माझी माणसंही ओळखते.

मी काय सांगितलं काकूंना? मी म्हटलं, बरी आहे आता. झटकन तोंडातून गेलं. इमेल्डाला सांभाळून घ्यायची सवयच लागलीय जिभेला. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी बदक आणलं बाजारातून.

काकांना कळलं ते नाव वर काढायच्या दिवशी. आम्ही गाळ उपसत होतो शेजारीशेजारी, आणि ते म्हणाले, आई बरी झाली, तू परत आलीस, मग रविवारी त्यांच्या नावेत का नसतेस? तेव्हा माझ्याने खोटं बोलवेना. चिखलात हात घालून माणसाला खोटं बोलता येत नाही बहुतेक. मी म्हटलं, ‘काका, आई नाही मला. फार वर्षं झाली.’ ते थांबले. मग पुन्हा गाळ उपसायला लागले. आणि काल हा निरोप धाडला तुमच्याकडे.

तर असं आहे ते. आता तू म्हणशील, मग ये ना, जिंकलीस तू, बस ढोलावर, सगळ्यांकडे तोंड करून बस, बघू दे त्यांना दिवसभर. हो, ढोलावरची जागा म्हणजे तीच की, वीसजणांकडे तोंड, आणि सगळ्यात जवळ पहिला बाक. इमेल्डा माझ्यापासून हातभर. काल निरोप कळला तेव्हा मी आनंदाने झोपलेच नाही, खरं सांगते. आरशासमोर बसून बघितलं, कसा चेहरा करायचा उद्या. आणि सकाळी उठले तेव्हा वाटलं, शी. म्हातारा माणूस धमकी देतोय म्हणून माझ्यासाठी जागा केली, आणि मी तिथे बसून त्यांचा ताल धरायचा? उद्या संध्याकाळी ते पुन्हा त्यांच्या ग्रुपात जातील, मी पुन्हा माझ्या. अंगठा, हसरा चेहरा.

म्हणून सकाळीच आले आणि काकांना म्हटलं, तुमचा शब्द मागे घ्या, जाऊ दे त्यांना. ते म्हणाले, ‘मी शब्द तुला दिला होता. त्यांना नाही.’ मी म्हटलं, ‘मग माझा म्हणूनच तो त्यांना द्या. निम्मे तर काही माहीत नसलेले आहेत, त्यांनी का मुकायचं.’ फार वेळ लागला. शेवटी हो म्हणाले. पण रागावलेत माझ्यावर, ते बघ, तिकडे तोंड करून लिची सोलतायत, मला एक दिली नाही.

तेव्हा तुझं काम झालंय. तू यायच्या आधीच झालं होतं. जा, सांग त्यांना, उद्या भरतीच्या वेळी मोठ्या नावेच्या मागे राहा, पुढे घुसू नका, आणि पहिल्या गावाच्या घाटावर फटाके लागले की तीनदा वल्हं उभं धरा. तीनदा. ते जमतं का बघ तुम्हाला, मी शिकवायचं राहिलं होतं. परत आलात की जेवण इथेच, अंगणात तुमचं टेबल मांडलंय. मी आत असेन, काकूंबरोबर, दुधी चिरायचाय अख्ख्या गावाचा. तू ये आत हवं तर. तिने आत यायचं नाही, एवढं सांग.

काय झालं? असं काय बघतेस तिकडे? पुलावर? — ती हिरवी छत्री. ती इमेल्डा आहे का? खोटं बोलू नकोस, मी ती छत्री दोनदा शिवून दिलीय. म्हणजे तुला इथे पाठवून ती तिथे उभी आहे? किती वेळ? सुरुवातीपासून?

नको. हाक मारू नकोस. हातही करू नकोस तिला. बस खाली. बघू दे. पुलावरून इकडे यायला त्या पायऱ्या आहेत, शेवाळ असतं, ती घाबरते तिथे, कायम माझा हात धरून उतरते — उतरू दे तिला एकटीला. हे बघ, मी जे मघाशी म्हटलं ना, ती आली तर — ती नुसती आली, काही बोलली नाही, माफी-बिफी काही नाही, नुसती येऊन इथे बसली, तर मी — तू तिला हे सांगू नकोस हं. पण मी उद्या मागच्या बाकावर सुद्धा — बघ, छत्री हलली. येतेय बहुतेक. सरक जरा. सरक तिकडे, तिला जागा कर.

…

नाही. पलीकडे वळली ती. बसच्या थांब्याकडे.

ऊठ तू. जा. नाहीतर तुला सोडून जाईल ती. नाही, काही सांगायचं नाही मला, कुणालाच काही नाही — अगं जा म्हटलं ना.